पदेरणीचं देणं

माझं अक्षर किरटं आहे आणि ओळ चढत जाते. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते मला शाळेतही कळलं नाही आणि आता कळायचं वय राहिलं नाही. शाळा चौथीपर्यंत, ती देवळाच्या मंडपात भरायची, आणि जत्रा आली की बंद. हे कुणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने बोलायला मला फार अवघड जातं, म्हणून दुपारी घरात कुणी नसताना लिहिते.

मी परदेशातून आले, असं सांगितलं की माझी मुलंच हसतात. पण ते खरं आहे. माझं माहेर गोव्यात, आणि तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता. नवऱ्याचं गाव सावंतवाडीकडे. मधे एक ओढा आणि एक चौकी. लग्न होऊन निघाले तेव्हा चौकीवरच्या शिपायाने माझी ट्रंक उघडली, लुगडी उलथीपालथी केली, आणि नारळ कानाशी धरून वाजवून पाहिले. आई पलीकडे उभी होती. ती विधवा, आणि मी एकुलती. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. एवढंसं पाणी पुढे सहा-सात वर्षं ओलांडता येणार नाही, असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

सासरी मी राहिलेच नाही. नवरा अमरावतीला एका जिनात फिटर होता. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. आम्ही थेट वऱ्हाडात आलो.

अमरावतीचं पहिलं वर्ष मी बहुतेक दाराआड काढलं. मला वाटायचं, इथे सगळे सदा भांडतात. एकदा शेजारी एवढा आरडाओरडा झाला की मी कडी लावून देवापाशी बसले. संध्याकाळी नवरा आला तेव्हा कळलं, ते लग्नाचं आमंत्रण देत होते. आमच्याकडे माणूस रागावला की आवाज खाली जातो. इथे प्रेमाने बोलला तरी वर जातो. ते अंगवळणी पडायला मला फार दिवस लागले.

उन्हाळ्यात दिवस मावळला की सगळी गल्ली खाटा बाहेर टाकायची. बायासुद्धा. रस्त्याने जाणारे येणारे, आणि या खुशाल आडव्या. मी आत निजायची. भिंती तव्यासारख्या तापलेल्या. अंगभर घामोळं उठलं, ताप आला. तेव्हा घरमालकीण दारात येऊन ओरडली, "काहून वो बाई, आत शिजून मरतं काय? बाहेर टाक खाट! तुले कोण पाह्यते येथी?" दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर निजले, पण तोंडावर पदर घेऊन. ती सवय अजून गेलेली नाही.

मग नवऱ्याला अकोल्याच्या जिनात बरा पगार मिळाला आणि आम्ही तिकडे गेलो. अकोल्याचं पाणी खारं. मी समुद्राकाठची, खाऱ्या पाण्याची मला ओळख होती, पण ते पाहायला, प्यायला नव्हे. चहा केला तर तोंडात ठरायचा नाही. तुरीची डाळ सकाळी चढवली तरी दुपारपर्यंत दाणा दाणा वेगळा. मला वाटलं, माझ्याच हाताला काही झालंय. नवरा पाण्याच्या घोटाबरोबर डाळ गिळायचा. मी चुलीशी बसून रडायची.

तिथे मला मुकादमीण भेटली. तिचा नवरा जिनात मुकादम होता, आणि कापूस निवडणाऱ्या बायांच्या टोळीवर ती स्वतः होती. उंच, हाडाची मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एकदा मी नवऱ्याने मिळवून आणलेला सुका बांगडा भाजत होते. ती नाकाला पदर लावून थेट चुलीपर्यंत आली.

"काय वो गोवेवाली, उंदीर मेला काय तुह्या घरात?"

मी मान खाली घातली. तिने माझं पातेलं उघडलं, डाळ बोटाने चेपून पाहिली.

"हे असं काहून?"

"शिजत नाही," मी म्हटलं.

"शिजन कशी? विहिरीचं पाणी हाय ते. डाळीले गोड पाणी लागते. उद्या हंडा घे आन् माह्यासंगं चल." जाता जाता वळून म्हणाली, "आन् तो उंदीर लवकर खाऊन टाक. माह्या घरच्या मांजरीनं सकाळपासून जीव टाकला त्याच्यावर."

तेव्हापासून मी तिच्याबरोबर गोड्या पाण्याच्या विहिरीवर जाऊ लागले. मी बोलायची नाही आणि ती थांबायची नाही, म्हणून आमचं बरं जमलं.

पण त्याच उन्हाळ्यात मी एक मोठी चूक केली. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात बाया शेवया आणि सरगुंडे करतात. सरगुंडे म्हणजे कणकेचा दोरा काडीभोवती गुंडाळून वाळवलेला. ते आमरसाबरोबर खातात. एकटीचं ते काम नाही. मुकादमीण न विचारता चार बाया घेऊन माझ्याकडे आली. सबंध सकाळ त्यांनी माझ्या ओसरीवर कणीक ओढली, गाणी म्हटली, माझ्या बोलण्याची नक्कल करून हसल्या. जाताना मी प्रत्येकीच्या हातावर चार-चार आणे ठेवले. आमच्याकडे अशीच रीत. कामाला कुणी आलं की निघताना हातावर काही ठेवायचं, रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. मला वाटलं, मी शहाण्यासारखी वागले.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मुकादमिणीने आपली पावली उंबऱ्यावर ठेवली.

"आमी का मजुरीनं आलतो तुह्या घरी?"

बाकीच्यांनीही पैसे तिथेच ठेवले आणि त्या गेल्या. पंधरा-वीस दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. विहिरीवर मी एकटी मागून चालायची. शेवटी नवऱ्याने जिनात कुणाला तरी विचारलं आणि मला येऊन सांगितलं, "याला सावड म्हणतात. आज त्या तुझ्याकडे आल्या, उद्या तू त्यांच्याकडे जायचं. हाताचं देणं हातानेच फेडायचं. पैसे दिलेस म्हणजे तू त्यांना सांगितलंस की तुमच्या दारी मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकादमिणीच्या ओसरीवर जाऊन बसले. शेवयांचा पाट मांडलेलाच होता, त्याच बाया भोवती बसल्या होत्या. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसता कणकेचा गोळा माझ्यापुढे सरकवला. मी ओढत राहिले. माझी शेवई दोरखंडासारखी येत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे शेवया होत काय? याच्यानं बैल बांधता येईन." सगळ्या हसल्या. मग मीही हसले. पैशाने माणूस दुखावतं, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात माझ्या मनात पक्की बसली. ती पुढे मला आडवी येणार होती.

नवरा दर महिन्याला आईला दहा रुपयांची मनीऑर्डर करायचा. पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली. माणसांची ये-जा बंद, मनीऑर्डर बंद. पोस्टातल्या बाबूने फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला, "तिकडं नाही जात आता." पत्रं कुठून तरी फिरून चार-सहा महिन्यांनी यायची, कधी यायचीच नाहीत. आईला लिहिता येत नव्हतं. गावातल्या कुणाकडून लिहून घेतलेल्या चार ओळी एकदा आल्या. मी बरी आहे. पदेरीण मला तांदूळ आणि पाव देते. ती म्हणते, पैसे तुझी लेक देईल. काळजी करू नको.

पदेर म्हणजे आमच्याकडचा पाव भाजणारा. आमच्या घरामागेच त्यांची भट्टी. पदेरीण ख्रिस्ती, तोंडाने फटकळ, आणि पैशाला पक्की. लहानपणी दिडकीचा पाव उधार घेतला तर दुसऱ्या दिवशी हाक मारून दिडकी मागायची. अशी बाई माझ्या आईला जेवू घालते आहे, आणि ते माझ्या नावावर. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. आई तिथे जेवते ती माझ्या शब्दावर, आणि शब्द तर मी दिलेलाच नव्हता.

नवऱ्याने कचेरीत जाऊन परमिटाचं विचारलं. मलाही नेलं. टेबलामागचा कारकून म्हणाला, "जन्म कुठला? गोवा? म्हणजे बाई पोर्तुगीज!" आणि शेजारच्याला म्हणाला, "पाहा हो, नऊवारी नेसलेली पोर्तुगीज." दोघे हसले. माणसं वाईट नव्हती, नवऱ्याला त्यांनी पानही दिलं. पण परमिट मिळालं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, गेलात तर परत येऊ देतील याची खात्री नाही. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. आम्ही नाद सोडला.

पुढच्या हंगामात मी मुकादमिणीबरोबर जिनात जाऊ लागले. दिवाळीपासून होळीपर्यंत गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि कापसाचे डोंगर. त्यातली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला किडका कापूस, आम्ही बायांनी वेचून काढायचा. कापसाचं तूस नाकात, डोळ्यांत, पोराच्या दुधातसुद्धा. संध्याकाळी सगळ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायच्या. फिटरची बायको कापूस निवडते म्हणून नवऱ्याला कुणी बोलले. त्याने मला फक्त एकदा विचारलं, "पैसे जमवशील, पण पाठवशील कशी?"

मी आपली बाजाराच्या दिवशी मिळालेल्या मजुरीतून थोडं डब्यात टाकायची. देणं आहे, पैसे आहेत, आणि मधे घोट्याएवढा ओढा. थोरल्याला टायफॉइड झाला तेव्हा डबा रिकामा झाला. पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गल्लीतली दोन घरं छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. त्यांच्यातली एक माझ्या शेजारी बसून कापूस निवडायची. ती म्हणायची, "आमी गेलो आन् आलो, मांगचं मांगं राह्यलं. तुह्यं बरं नाही बाई, तुह्यं अर्धं तिकडंच अडकून हाय." तिचं बोलणं खरं होतं. मला दोन्हीकडचं काहीच पुरतं मिळत नव्हतं. भाकरी मला वऱ्हाडी बायांसारखी यायला लागली होती, पण स्वप्नात मात्र माशांचा वास यायचा.

एकसष्ट साली गोवा मोकळा झाला. जिनात पेढे वाटले. मुकादमीण मला म्हणाली, "झालीस बाई आता आमच्यातली." माझ्या डोक्यात एकच, आई जिवंत आहे का?

आई जिवंत होती. पत्रं नीट येऊ लागली. पण हंगाम सोडून नवऱ्याला जाता येईना, आणि मी एकटी मुलं घेऊन कधी कुठे गेलेली नाही. शेवटी पदेरणीनेच मार्ग काढला. तिचा मुलगा मुंबईला कामाला होता, त्याच्याकडे ती जायची होती. तिने कळवलं, तुझ्या आईला आगबोटीने मुंबईला आणते आणि गाडीने तुझ्या दारात पोचवते. गाडीभाडं आम्ही पाठवून दिलं.

अकोला स्टेशनवर पदेरीण आधी उतरली, मग तिने आईला पोत्यासारखं उचलून खाली घेतलं. आई एवढीशी झाली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काळी झालीस." पदेरणीने इकडेतिकडे बघितलं. "कितें गो हें! झाड नाही, पाणी नाही. इथे तू दहा वर्षं राहिलीस?"

"असंच असते इकडं," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून वऱ्हाडीत आलं, आणि आई चमकून माझ्याकडे बघू लागली.

पदेरीण चार दिवस राहणार होती. डब्यात दोनशे साठ रुपये होते. किती द्यायचे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती, पैशाने ती दुखावली तर? मी मुकादमिणीला विचारलं.

ती एकदम अंगावर आली. "येडी झाली काय? ज्या बाईनं तुह्या मायले सहा वर्सं जगवलं, तिच्या हातावर पैसे ठेवशीन? चार आण्याचं विसरली काय? साडी नेसव तिले. ओटी भर. पाया पड. आन् जलमभर नाव घे."

मला ते पटलं. उंबऱ्यावर ठेवलेली ती पावली मला अजून दिसत होती. मी डब्यातले पंधरा रुपये काढून चांगली साडी आणली. सरगुंडे केले, दूध आटवलं. दोन दिवस पदेरीण जेवत होती आणि बोलत होती. मुकादमिणीने प्रेमाने ठेचा आणला, तो खाऊन पदेरणीच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. "हें जेवण काय शिक्षा?" ती मला म्हणाली. मुकादमिणीने विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, "आवडला." त्यावर मुकादमिणीने आणखी वाढला.

पैशाचं नाव पदेरीण काढत नव्हती. मला वाटलं, हिलाही तसंच वाटतं. चौथ्या दिवशी सकाळी मी तिची ओटी भरली, साडी दिली, पाया पडले. तिने साडीचा पोत अंगठ्याने चोळून पाहिला.

"बरी आहे. आता माझे पैसे."

मुकादमीण दारात उभी होती. "काय म्हनते?" तिने विचारलं. मी सांगितलं. "अरे देवा," ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

"तीनशे चाळीस," पदेरीण म्हणाली. "आमच्याकडे मधे पैसेच बदलले, म्हणून मी तांदळाच्या भावाने धरलं आहे. तुझ्या आईच्या समोर धरलं आहे. विचार तिला."

आई खाटेवर होती. तिने मान हलवली.

मी कशीबशी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला राग येईल. इकडे पैसे दिले तर अपमान समजतात."

"अपमान?" पदेरणीचा आवाज खाली गेला. तेव्हा मला कळलं की ती रागावली आहे. इतक्या वर्षांनी तो खाली गेलेला आवाज ऐकला. "ऐक चेडवा. तुझी आई पहिले दोन महिने माझा पाव घेईना. दारातून परत पाठवायची. मी म्हटलं, फुकट कोण देतं तुला? तुझी लेक देणार आहे, मी लिहून ठेवत नाही पण विसरत नाही. तेव्हा जेवली. सहा वर्षं ती विकतचं जेवली. आता मी पैसे सोडले तर ते सगळं भिकेचं होईल. म्हातारीला आता भिकारीण करतेस?"

आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी डबा आणला आणि पदेरणीपुढे ओतला. दोनशे पंचेचाळीस. तिने मोजले, रुमालात बांधले, आणि म्हणाली, "राहिले पंच्याण्णव." एक रुपया सोडला नाही तिने. मला तिचे पाय पुन्हा धरावेसे वाटले, पण ती तिला आवडणारी गोष्ट नव्हती.

मी मुकादमिणीला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. ती गप्प बसलेली मी तेवढीच पाहिली. मग म्हणाली, "हाव. बरोबर हाय तिचं. आपलं येथी बरोबर, तिचं तेथी बरोबर." आणि उठताना म्हणाली, "उद्यापासून जिनात चल. म्हातारीपाशी माही सून बसन. ते तू नंतर फेड, शेवया करून. आन् बारीक कर, बैल बांधायच्या नको."

पदेरीण त्या दिवशी मुंबईच्या गाडीने गेली.

मी उरलेला हंगाम आणि त्याच्या पुढचा सबंध हंगाम जिनात बसले. आता मला पहिल्यासारखं होत नव्हतं. पाठ धरायची, खोकला जायचा नाही. घरी आले की आईचं करायचं. तिला इथलं पाणी सोसलं नाही, ज्वारी पचली नाही, आणि बाहेर खाट टाकली की ती आत जायची. मी तिला ओरडून म्हणायची, "आत शिजून मरतं काय?" आणि मग माझीच मला लाज वाटायची. ती जेवायला बसली की रोज एकच विचारायची, "किती राहिले?" मी सांगायची. ती मान हलवायची आणि अर्धी भाकरी ठेवून उठायची.

पोस्टातला बाबू बदलला होता. गोव्याचा फॉर्म आता तो न बघता घ्यायचा. मी तीनदा मनीऑर्डर केली. तिसऱ्या वेळची पोच आली तेव्हा मी चुलीशी होते. पोस्टमनने चिठोरं दिलं. खाली पदेरणीचा अंगठा होता, शाई जरा पसरलेली.

मी तशीच आईपाशी गेले आणि ते तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"सगळे?"

"सगळे."

"एकही राहिला नाही?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. "दार लोटून घे, धूळ येते. आणि पान वाढ मला."